जोत्याची उंची, सड्यावरचा हत्ती आणि फोनमधली एआर ॲप्स

घरांचे आराखडे काढणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे फोनमधल्या एआर आणि व्हीआर ॲप्सशी माझा संबंध हौसेपेक्षा कामाच्या निमित्ताने अधिक येतो. एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, यात कॅमेरा समोरचे खरे दृश्य दाखवतो आणि ॲप त्यावर एखादी वस्तू, रेघ किंवा नाव चढवते. व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, यात समोरचे सगळे झाकून दुसरेच दृश्य डोळ्यांपुढे उभे केले जाते. रत्नागिरीत राहून चिऱ्याच्या भिंतींसमोर, कातळाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारांवर, होडीत आणि कौलारू घरांच्या अंधाऱ्या माजघरांत ही ॲप्स वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की यांतल्या बहुतेकांची गंमत आठवडाभर टिकते. पण जी ॲप्स खऱ्या जागेवर खऱ्या मापाची वस्तू ठेवून दाखवतात, किंवा समोर दिसणाऱ्या गोष्टीचे नाव सांगतात, ती आपल्याकडे मनापासून कामाला येतात. उरलेल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही.

एआर सर्वसामान्यांच्या कानावर पडले ते २०१६ च्या जुलैमध्ये आलेल्या पोकेमॉन गो या खेळामुळे. भारतात तो अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला, परंतु त्याची सारी मदार शहरांतल्या चौकांवर, पुतळ्यांवर आणि देवळांवर नोंदलेल्या ठिकाणांवर असल्यामुळे गावाकडच्या मुलांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. त्यानंतर २०२० च्या टाळेबंदीत गूगलच्या शोधातून घरात वाघ उभा करण्याची लाट आली आणि प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर कोणाच्या ना कोणाच्या ओटीवर वाघ बसलेला दिसू लागला. तो वाघ पाहून माझ्या धंद्यातल्या माणसाला प्रश्न पडायचा तो वेगळाच: हा वाघ जमिनीवर नेमका टेकला कसा, आणि माणूस त्याच्याभोवती फिरला तरी तो जागचा हलत कसा नाही?

याचे उत्तर समजून घेतल्याशिवाय ही ॲप्स कुठे चालतील आणि कुठे फसतील याचा अंदाज येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गूगलने २०१४ मध्ये टँगो नावाचा प्रकल्प सुरू केला होता, त्यात समोरची गोष्ट किती दूर आहे ते मोजणारा खास सेन्सर बसवलेला फोन लागत असे. असे फोन मोजकेच निघाले आणि मार्च २०१८ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. दरम्यान २०१७ च्या जूनमध्ये ॲपलने एआरकिट आणि ऑगस्टमध्ये गूगलने एआरकोर ही ॲप्सना एआर पुरवणारी सॉफ्टवेअरे जाहीर केली, आणि या दोन्हींनी साध्या फोनमधल्या एकाच कॅमेऱ्यावर काम भागवले. कॅमेऱ्याच्या चित्रात ॲप सहज ओळखू येतील असे ठिपके शोधते, म्हणजे फरशीचा कोपरा, लाकडाची शीर, भिंतीवरचा डाग असे काहीही, आणि फोन हलला की ते ठिपके चित्रात किती सरकले हे पाहत राहते. त्याच वेळी फोनमधला ॲक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप हे दोन सेन्सर फोन कोणत्या दिशेला, किती वेगाने हलला आणि किती वळला हे सांगत असतात. या दोन्ही नोंदींचा मेळ बसला की फोनला स्वतःची जागा कळते, आणि एकाच पातळीत बरेच ठिपके सापडले की तिथे जमीन, टेबल किंवा भिंत असल्याचे त्याला उमगते. सेन्सरकडून हालचालीचे अंतर कळत असल्यामुळेच वस्तूचे माप खरे येते. नुसत्या चित्रावरून दूरचा मोठा दगड आणि जवळचा लहान दगड यांत फरक करता आला नसता.

हे कळले की कोकणातल्या घरात कोणती खोली एआरला मानवते तेही कळते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हाताच्या वळणांचे ठसे, काडीकचरा आणि रंगाच्या छटा असतात, त्यामुळे फोन तिथे क्षणात जमीन ओळखतो. जांभ्याच्या उघड्या चिऱ्यांची भिंत तर छिद्रांनी आणि रंगांनी इतकी भरलेली असते की ठिपक्यांची चंगळ होते. याउलट नवीन बंगल्यातल्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्सवर दिव्याचे प्रतिबिंब तेवढे दिसते, आणि आपण सरकलो की प्रतिबिंबही सरकत असल्यामुळे फोनचा गोंधळ उडून त्यावर ठेवलेला सोफा भिंतीत शिरतो. चुन्याने रंगवलेली कोरी भिंतही अशीच त्रास देते. माजघरात अडचण उजेडाची असते. एका कवडशावर भागवणाऱ्या खोलीत कॅमेऱ्याला ठिपके सापडत नाहीत आणि ॲप अधिक उजेड मागत राहते. अशा वेळी खिडकी उघडून जमिनीवर एखादी नक्षीची चटई किंवा वर्तमानपत्र पसरावे, त्याने बहुतेक वेळा काम होते.

मोजमाप करणाऱ्या ॲप्सकडे मी अर्थातच आधी वळलो. आयफोनमध्ये २०१८ पासून मेजर हे ॲप असते. गूगलचेही त्याच नावाचे ॲप होते, ते २०२१ मध्ये थांबवण्यात आले, पण एआरकोरवर चालणारी इतरांची अशी ॲप्स पुष्कळ आहेत. आयफोनच्या १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो फोनमध्ये लायडार नावाचा सेन्सर आहे, तो प्रकाश सोडून तो परत येण्याच्या वेळेवरून सुमारे पाच मीटरपर्यंतचे अंतर काढतो, त्यामुळे त्यातले माप कोऱ्या भिंतीवर आणि कमी उजेडातही बरेच स्थिर येते. साध्या फोनवर दाराच्या चौकटीसारख्या मापात एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होणे मला नेहमीचे वाटते. जागा पाहायला गेल्यावर खोलीत पलंग मावेल की नाही, अंगणात गाडी वळेल की नाही हे ठरवायला एवढी अचूकता पुरते. मात्र आमचे सुतार अजूनही इंच आणि सूत यांत बोलतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलिमीटर. माझ्या फोनवरचा आकडा पाहून आणि लगेच स्वतःचा टेप लावून एक जुने सुतार एवढेच म्हणाले, "दादा, ह्या मापावर लाकूड कापायचं नाय." त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि ॲप बनवणारेही हे माप अंदाजाचे आहे असेच सांगतात.

एआरचे खरे मोल मला कळले ते चिपळूणमध्ये. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, आणि त्यानंतर तिथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न जोत्याच्या उंचीचा असतो. कागदावर "जोते अमुक इतके उंच" असे लिहिलेले असले तरी मोकळ्या प्लॉटवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काहीच जाणवत नाही. एका कुटुंबाच्या प्लॉटशेजारच्या जुन्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ राहिली होती. मी तिची जमिनीपासूनची उंची टेपने घेतली, संगणकावर तेवढ्याच उंचीचा एक पारदर्शक निळा ठोकळा केला, त्याच्याशेजारी नियोजित जोते आणि जिना यांचे साधे आकार ठेवले आणि ती फाइल फोनमध्ये उघडून प्लॉटवर खऱ्या मापात मांडली. घरच्या काकी फोन हातात धरून त्या निळ्या पाण्यात चालत गेल्या, जिन्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, जिना असा बाहेरून ठेवलात तर पाणी भरल्यावर माळ्यावर जायचं कसं? तो आतूनच घ्या." आराखडा त्यांनी आधी नीट पाहिलेला होता आणि त्यावर जिना स्पष्ट दाखवलेला होता, तरीही ही अडचण ध्यानात यायला त्यांना पाणी स्वतःच्या डोक्याच्या वर दिसावे लागले. जिना आतून घेतला, आणि त्यासाठी स्वयंपाकघर थोडे आखडले.

यासाठी कोणतेही महागडे ॲप लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. जीएलबी या प्रकारची त्रिमितीय फाइल अँड्रॉइडवर, आणि यूएसडीझेड ही आयफोनवर, फोनसोबत मिळणाऱ्या सोयींतूनच जमिनीवर ठेवून पाहता येते. आकार तयार करायला ब्लेंडर हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फर्निचर विकणाऱ्यांची ॲप्स हेच करतात, म्हणजे आयकियाने २०१७ मध्ये आणलेले ॲप असो की ऑनलाइन दुकानातले "तुमच्या खोलीत पाहा" हे बटण असो. फरक इतकाच की तिथे वस्तू त्यांची असते.

जमीन सोडून पाण्यावर गेले की मात्र सारा डाव उधळतो. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत एआरची वस्तू मांडून पाहावी, ती कधी पाण्यात जाते तर कधी आभाळात. कारण उघड आहे: कॅमेऱ्याला होडीची फळी आणि समोर बसलेली माणसे स्थिर दिसतात, सेन्सरला मात्र होडीचे हेलकावे जाणवतात, आणि या दोन्ही साक्षींचा मेळ बसत नाही. समुद्राकडे कॅमेरा धरला तर लाटांवर एकही ठिपका जागेवर राहत नाही. चालत्या एसटीत आणि कोकण रेल्वेच्या डब्यातही हीच गत होते.

किल्ल्यात उतरल्यावर अडचण वेगळी होते. किल्ल्याच्या जुन्या रूपाचे चित्र बरोबर त्या त्या बुरुजावर चढवून दाखवायचे, तर फोनला आपण कुठे उभे आहोत हे काही सेंटिमीटरच्या अंतराने कळायला हवे, आणि मोकळ्या आभाळाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंतच विश्वासाचे असते. शहरांमध्ये गूगल यावर स्ट्रीट व्ह्यूच्या छायाचित्रांचा उपाय करते. मॅप्समधली लाइव्ह व्ह्यू ही सोय कॅमेऱ्यातले दृश्य त्या छायाचित्रांशी ताडून रस्त्यावर बाण काढते. भारतात स्ट्रीट व्ह्यू २०२२ च्या जुलैमध्ये दहा शहरांपासून सुरू झाले. जिथे अशी छायाचित्रे नाहीत, तिथे जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे खूण ठेवणे: ठराविक जागी एक छापील चित्र किंवा क्यूआर कोड असलेला फलक लावायचा, फोनने तो ओळखायचा आणि त्याच्या संदर्भाने दृश्य मांडायचे. युनेस्कोने २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे कोकणातले आहेत. विजयदुर्गाजवळ समुद्रात बुडालेली जी भिंत आहे, ती तटावर उभ्या असलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. अशा एका गोष्टीसाठी तटावर एक फलक आणि त्यामागे एक नेटकी फाइल एवढे जरी झाले तरी मला ते ढोल-ताशांच्या ध्वनिफितीसह तलवारी फिरवणाऱ्या ॲपपेक्षा जास्त आवडेल.

आता नावे सांगणाऱ्या ॲप्सबद्दल. यांत माझे सर्वांत आवडते पीकफाइंडर आहे. ते उंचीच्या नकाशावरून आपल्या जागेवरून दिसणाऱ्या डोंगरांची रेषा काढते आणि ती कॅमेऱ्यातल्या दृश्यावर ठेवून शिखरांची नावे लिहिते. नेट नसले तरी चालते, हा आमच्या बाजूच्या डोंगराळ भागात मोठाच गुण आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात हवा धुऊन निघालेली असते, तेव्हा खेडच्या बाजूने पूर्वेकडे पाहिले की रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही रांग आणि तिच्यामागची सह्याद्रीची भिंत किती वेगवेगळ्या पदरांची आहे हे त्या रेषांमुळे नीट समजते. एप्रिलच्या धुरकट हवेत डोळ्यांना काहीच दिसत नसताना ॲप मात्र शिखरांची नावे लिहीतच राहते, त्याची मजा वाटते. गावकऱ्यांच्या तोंडी असलेली लहान टेकड्यांची नावे त्यात नसतात, आणि ती कुणी भरल्याशिवाय येणारही नाहीत.

आकाशाची ॲप्स याच जातीची आहेत. स्काय मॅप हे गूगलने २००९ मध्ये आणलेले आणि २०१२ मध्ये ज्याचा कोड सर्वांसाठी खुला केला ते ॲप आजही मिळते, आणि त्याला कॅमेराही लागत नाही. फोन आभाळाकडे धरला की त्या दिशेचे तारे पडद्यावर येतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे आभाळच दिसत नसल्याने हे ॲप त्या काळात विश्रांती घेते. फेब्रुवारीत रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे फोन धरला तर क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर अगस्ती सापडतो, आणि त्याच्या बराच वर व्याध. रात्रीसाठी पडदा लाल करण्याची सोय असते ती जरूर वापरावी, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की पुढची दहा-पंधरा मिनिटे मंद तारे दिसत नाहीत.

ही दोन्ही ॲप्स दिशेसाठी फोनमधल्या होकायंत्रावर, म्हणजे मॅग्नेटोमीटरवर, अवलंबून असतात, आणि तिथे त्यांचे वर्म आहे. गाडीच्या बॉनेटला टेकून, खिडकीच्या लोखंडी गजांजवळ किंवा चुंबकाच्या कव्हरमध्ये फोन ठेवून पाहिले तर अख्खे आभाळ दहा-वीस अंश फिरलेले असते. फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवला की सेन्सर बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. पण राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे येथे, सड्यावर कोरलेल्या मानवी आकृतीच्या जागी, होकायंत्राची सुईच भरकटते असे तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. अशा ठिकाणी फोनला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे सूर्य पाहून दिशा ठरवावी.

देवाचे गोठणे निघालेच आहे तर कातळशिल्पांकडे वळतो, कारण फोनमधल्या एआरला कोकणात याहून योग्य विषय मला दुसरा दिसत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या जांभ्याच्या सड्यांवर माणसे, प्राणी, मासे आणि भौमितिक नक्षी कोरलेली आहेत, आणि कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही चित्रे उभ्या भिंतीवर नसून आडव्या जमिनीवर आहेत, आणि यातच पाहणाऱ्याची सारी अडचण आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या कोरलेल्या आहेत. त्याच्या कडेला उभे राहिले की जवळच्या चार रेघा दिसतात, सोंड कुठे संपली ते कळत नाही, आणि दुपारच्या उन्हात तर रेघांची सावलीच पडत नसल्यामुळे सडा सपाट वाटतो. ड्रोनच्या छायाचित्रात हत्ती पूर्ण दिसतो, पण मग तो तळहाताएवढा होतो आणि त्याचे थोरपण हरवते. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध माणूस आहे. तेही पुस्तकातल्या चित्रात पाहिले तर शिक्क्यावरच्या आकृतीसारखे भासते, प्रत्यक्षात त्यावरून चालावे लागते, म्हणजे कडेकडेने चालावे लागते.

मी कशेळीच्या हत्तीची बाह्यरेषा प्रसिद्ध मापे धरून संगणकावर खऱ्या आकारात काढली, तिला जमिनीपासून बोटभर जाडी दिली आणि एका शाळेच्या मैदानावर मांडून दाखवली. तांबड्या मातीत खडे आणि पावलांचे ठसे भरपूर असल्यामुळे फोनने जमीन लगेच धरली. मुले सोंडेच्या टोकापासून शेपटीपर्यंत रेघेवरून चालत गेली आणि वाटेत प्रत्येकाने आपापली पावले मोजली. एकजण पोटाच्या मध्यावर थांबून विचारत होता की हे काढणाऱ्याला स्वतःला तरी हत्ती पुरा दिसत होता का. एवढे अंतर चालल्यावर रेघ हळूहळू फूटभर सरकते हा दोष राहतोच, कारण प्रत्येक पावलागणिक फोनच्या अंदाजातली लहानशी चूक साचत जाते. परत आरंभीच्या जागी आल्यावर फोनला ओळखीचे ठिपके दिसतात आणि तो रेघ पुन्हा जागेवर आणतो. मोठ्या आकाराच्या वस्तूंसाठी मध्येमध्ये खुणेचे फलक ठेवले तर हे बरेच आटोक्यात येईल.

कुणाला प्रत्यक्ष कातळशिल्पाचे त्रिमितीय चित्र फोनने घ्यायचे असेल तर पॉलिकॅम, रिॲलिटीस्कॅन आणि स्कॅनिव्हर्स यांसारखी ॲप्स आहेत. वस्तूभोवती फिरत बरेच फोटो काढायचे आणि ॲपने ते जुळवून आकार उभा करायचा, अशी त्यांची रीत आहे. यात प्रत्येक फोटोचा निम्म्याहून अधिक भाग पुढच्या फोटोत यायला हवा. साध्या फोटोसाठी सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन चांगले, कारण त्यात कोरीव रेघा उठून दिसतात. त्रिमितीय नोंदीसाठी मात्र सूर्य उगवण्याआधीचा किंवा ढगाळ वेळेचा मऊ उजेड घ्यावा, नाहीतर सावल्याच आकारात गोठून बसतात. शेजारी टेप पसरून ठेवला तर पुढे माप लावता येते. रेघांत खडू किंवा रांगोळी भरू नये आणि चपला घालून कोरीव भागावर जाऊ नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. जमिनीचे मालक आणि गावातली मंडळी यांना आधी विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर फोन इतका तापतो की पडदा आपोआप मंद होतो आणि कॅमेरा बंद पडतो. एआर कॅमेरा, सेन्सर आणि चित्रप्रक्रिया एकाच वेळी वापरत असल्यामुळे बॅटरीही झपाट्याने उतरते. पावसाळ्यानंतर सडे गवताने झाकलेले असतात, म्हणून गवत वाळल्यावरचा थंडीचा काळ सर्वांत सोयीचा.

व्हीआरबद्दल मात्र माझा उत्साह कमी आहे. गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड आणला, म्हणजे पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे आणि आत आपलाच फोन. कल्पना अतिशय सुंदर आणि स्वस्त होती. पण फोनचा एकच पडदा दोन डोळ्यांत वाटला जातो आणि भिंगातून मोठा होतो, त्यामुळे चित्र जाळीतून पाहिल्यासारखे विरळ दिसते. शिवाय अशा व्हीआरमध्ये फोनला फक्त मान वळलेली कळते, आपण पाऊल पुढे टाकले ते कळत नाही. डोळे सांगतात आपण उभे आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हललो, आणि करूळ घाटात गाडी लागावी तशी मळमळ सुरू होते. मान वळल्यावर चित्र वळायला सुमारे वीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर हा त्रास वाढतो, आणि स्वस्त फोनमध्ये तो वेळ बहुधा जास्तच असतो. सॅमसंग आणि गूगल या दोघांनीही फोन घालून वापरायचे आपापले चष्मे पुढे बंद केले, आणि गूगलने कार्डबोर्डची विक्री मार्च २०२१ मध्ये थांबवली. भारतात जिओने २०२३ मध्ये आयपीएलच्या निमित्ताने जिओडाइव्ह हा १,२९९ रुपयांचा चष्मा आणला होता, तोही याच घराण्यातला. यूट्यूबवरचे चहूबाजूंचे व्हिडिओ पाच-सात मिनिटे पाहायला तो ठीक आहे. मालवणच्या प्रवाळांमध्ये बुडी मारण्याचे धाडस नसलेल्या वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसवून तेवढे दाखवावे. लहान मुलांना हे चष्मे देऊ नयेत, असे बनवणारेच खोक्यावर लिहितात.

फोन विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. स्वस्त फोनमध्ये पुष्कळदा जायरोस्कोप नसतो, आणि तो नसेल तर व्हीआर चालत नाही आणि आकाशाची ॲप्सही धक्के खात चालतात. दुसरे म्हणजे एआरकोर चालणाऱ्या फोनची यादी गूगलने दिलेली असते, त्यात आपला फोन आहे का ते आधी तपासावे. दुकानदार "सगळं चालतं" असेच सांगतो. ॲप बसवताना कॅमेऱ्याची परवानगी मागितली तर ते समजण्यासारखे आहे, पण डायनासोर दाखवणारे ॲप फोनमधले नंबर आणि संदेश मागू लागले तर ते तिथेच काढून टाकावे. घराच्या आतल्या खोल्यांचे स्कॅन कोणत्या सर्व्हरवर जाते हेही पाहिलेले बरे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो या ॲप्सच्या आयुष्याचा. शाळांना घरबसल्या जग दाखवणारे एक्स्पिडिशन्स, स्वतःची सहल रचण्याचे टूर क्रिएटर आणि त्रिमितीय आकारांचे भांडार असलेले पॉली, ही गूगलची तिन्ही कामे २०२१ च्या ३० जूनपर्यंत बंद झाली, आणि फोनवरून चहूबाजूंचे फोटो चढवण्याचे स्ट्रीट व्ह्यू ॲप मार्च २०२३ मध्ये थांबले. ज्यांनी आपली मेहनत फक्त त्या ॲपमध्येच ठेवली होती त्यांची धावपळ झाली. आमच्याकडे हा प्रश्न अधिक तातडीचा आहे, कारण जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड आणि श्रीवर्धन भागांत कौले आणि वासे उडवून जुनी घरे मोडली, आणि जी उरली ती वाटण्या होऊन पाडली जात आहेत. अशा घरांची नोंद फोनने करणे आता अवघड राहिलेले नाही. माझ्या आजोळच्या घराची ओटी, पडवी आणि पुढचे खळे यांची स्कॅन मी केली तेव्हा मूळ फोटो, जीएलबी आणि ओबीजे अशा दोन्ही प्रकारच्या फाइली, आणि टेपने घेतलेल्या मुख्य मापांचा कागद हे सगळे ॲपच्या बाहेर, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवले. कागद आवर्जून ठेवला, कारण ते मॉडेल उद्या दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये उघडले तर ते खऱ्या मापात आले आहे की नाही हे दाराच्या चौकटीची रुंदी त्या कागदाशी ताडूनच कळणार आहे.